सत्तावीस एप्रिलचं आभाळ

ज्या वर्षी मागच्या दिवसांचं आभाळ पाहायची सोय झाली, त्या वर्षी पुण्यातल्या गच्च्या संध्याकाळी माणसांनी भरू लागल्या. माणसं फोन डोक्यावर धरून उभी राहत. वर हिवाळ्याचं कोरडं, पांढुरकं आभाळ असे, आणि फोनच्या काचेत मात्र कुणाच्या साखरपुड्याच्या दिवशीचे ढग सरकत असत, कुणाच्या काचेत शाळा सुटतानाचं पिवळं ऊन. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दहा माणसांच्या हातात दहा वेगळी आभाळं, आणि सगळी गच्ची गप्प.

विशाखा संकपाळच्या मजल्यावर राहणाऱ्या मुजावरचाची रोज एकच सकाळ लावत. आपला मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्याच्या खिडकीबाहेर भुरभुर चालू होती, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. आणि मार्चमध्ये कुठली भुरभुर, म्हणून घरचे त्यांना हसत आले होते. ॲपने ती भुरभुर दाखवली. नऊ वाजून दहा मिनिटांपासून पुढे सतरा मिनिटं. त्यानंतर चाचींनी कुणाशी वाद घातला नाही. त्या नुसत्या गच्चीवर येत आणि ती सतरा मिनिटं बघून खाली जात.

विशाखा एकेचाळीस वर्षांची होती आणि 'पारख' नावाच्या ग्राहकांच्या मासिकात काम करत होती. पंखे, कुकर, विमे, फोनमधली ॲप, जे जे लोक विकत घेतात ते आधी वापरून पाहायचं आणि कुठलं बरं ते सांगायचं, हा तिचा धंदा. संपादक नाझनीन काझी यांनी तिला या नव्या हवामान-ॲपची तुलना करायला सांगितली. बाजारात तीनच होती. 'नभस्मृती' आणि 'कालदर्पण' ही दोन मोठी, आणि कोल्हापूरच्या चार-पाच जणांनी बनवलेलं 'मागोवा'.

हे ॲप चालतं कसं, ते विशाखाने लेखाच्या सुरुवातीलाच सोपं करून लिहिलं होतं. उद्याचं हवामान सांगणं अवघड, कारण आजच्या मोजणीतली छोटी चूक दिवसागणिक फुगत जाते आणि दहा-बारा दिवसांत सगळा अंदाज गिळून टाकते. मागचं सांगताना मात्र दोन्ही टोकं हातात असतात. आधी काय होतं ते ठाऊक असतं, नंतर काय झालं तेही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हवा कुठल्या वाटेने गेली असेल, तेवढंच शोधायचं. त्यासाठी लागतात खुणा, आणि खुणा जगभर पडलेल्या असतात. मोबाइलचे मनोरे एकमेकांशी बोलतात तेव्हा मध्ये पाऊस आला की आवाज क्षीण होतो, आणि त्याची नोंद कुठेतरी राहते. फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा तांदळाएवढा तुकडा असतो. लोकांनी काढलेल्या कोट्यवधी फोटोंत मागे कुठेतरी झेंडा असतो, धूर असतो, दोरीवर वाळत घातलेली साडी असते. ती कुठल्या बाजूला उडते आहे त्यावरून वारा कळतो. वेधशाळांच्या जुन्या वह्या असतात. हे सगळं एकत्र घातलं की त्यात बसेल अशी हवेची एकच चाल उरते. यंत्र ती चाल मिनिटामिनिटाने मांडतं, आणि आपण उभे असू तिथल्या आभाळावर, झाडांवर, पाण्यावर पसरून दाखवतं. माणसं मात्र त्यात नसतात. फक्त हवा.

तुलनेसाठी विशाखाने पन्नास तारखा काढल्या, जिथल्या हवेची खात्रीची नोंद कुणीतरी हाताने लिहून ठेवली होती अशा ठिकाणच्या. कुठली तारीख ते संगणकाने चिठ्ठी काढावी तसं ठरवलं. त्यातल्या बारा तारखा कासरोलीच्या होत्या, कारण कासरोली तिचं गाव आणि तिथल्या वहीवर तिचा डोळे झाकून विश्वास होता. जांभळी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर हे गाव. धरणाच्या कामासाठी तिथे एक लहानशी वेधशाळा होती, आणि तिचे वडील हणमंत संकपाळ, ज्यांना ती आण्णा म्हणे, तिथे एकतीस वर्षं निरीक्षक होते. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पांढरी जाळीची पेटी उघडायची, पारा वाचायचा, चार वाट्यांच्या वारामापकाचा आकडा टिपायचा, मान वर करून आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहायचं. आण्णांच्या अक्षरात कुठे खाडाखोड नसे.

नभस्मृतीने पन्नासपैकी पन्नास बरोबर सांगितल्या. कालदर्पणने पन्नास. मागोवाने एकोणपन्नास. चुकलेली तारीख होती कासरोली, सत्तावीस एप्रिल दोन हजार तेरा, संध्याकाळचे साडेपाच. वही म्हणत होती मंद वारा, आभाळ दोन अष्टमांश. मागोवा म्हणत होतं, त्याआधीच्या अर्ध्या तासात वावटळ.

तारीख वाचली तेव्हा विशाखाच्या हातातली पेन्सिल थांबली. कासरोलीत ती तारीख विसरलेलं कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी धोंडिराम उतेकरांची इंजिनाची होडी लग्नाचं वऱ्हाड घेऊन पलीकडून येत होती, आणि ती ऐन मध्यावर उलटली. सोळांपैकी तीन माणसं बुडाली. धोंडिनाना सांगत राहिले की आडवा वारा आला. वाचलेल्यांना नीट काही आठवत नव्हतं. गावात धूळ उडाली होती, पण एप्रिलात ती उडतेच, होडी उलटावी एवढा वारा नव्हता, असं लोक म्हणाले. चौकशीत वेधशाळेची वही मागवली गेली, आणि वहीत वारा नव्हता. मग उरलं काय, तर चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा. नाना प्यायले असतील, असंही लोक म्हणाले. दीड वर्ष तुरुंगात काढून ते आले ते परत कासरोलीत राहिलेच नाहीत.

तिने मागोवाच्या कोल्हापूरच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या एका शांत आवाजाच्या बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. मोठी ॲप वेधशाळेची वही प्रमाण मानतात, त्यामुळे वहीशी जुळणं त्यांना सोपंच आहे. तुमची परीक्षा त्यांना आधीच पाठ होती म्हणा ना. आम्ही कुठल्याच नोंदीवर पूर्ण विसंबत नाही, आजूबाजूच्या खुणा काय म्हणतात ते बघतो. त्या दिवशी पाचच्या सुमारास डोंगरापलीकडचे दोन मनोरे हलल्यासारखे झाले होते, त्यांचा आवाज तुटत होता. एका लग्नाच्या चित्रफितीत मांडवाची कनात सुटून उडालेली दिसते. आणि आणखी एक गोष्ट होती.

"त्या वहीत पुढचे चार दिवस वारा थोडा थोडा जास्त लिहिलाय," त्या म्हणाल्या. "रोज साधारण सारखाच जास्त. आसपास कुठेही तसा नव्हता. कुणीतरी उरलेला वारा चार दिवसांत वाटून टाकावा, तसं दिसतं."

विशाखाने आभार मानून फोन ठेवला. वाऱ्याचा मापक कसा असतो ते तिला लहानपणापासून माहीत होतं. वाट्या फिरतात तसा त्याचा आकडा पुढे सरकतो आणि मागे कधी येत नाही. अचानक आलेली वावटळ त्या आकड्यात साठून राहते. ती वहीत लिहायची नसेल, तर थोडी थोडी करून कुठेतरी संपवावी लागते. हे चुकून होत नाही.

दोन दिवसांनी ती कासरोलीला गेली.

आण्णा शहात्तर वर्षांचे होते, एकटे राहत होते, आणि या ॲपचा त्यांना लळा लागला होता. विशाखाच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. जेवण झालं की आण्णा अंगणात खाट टाकून पडत आणि फोनमध्ये एखादी जुनी दुपार लावत. त्या दुपारी तुझी आई चिंचा फोडत बसली होती, ढग असे कापसासारखे होते, असं काहीबाही सांगत. कितीतरी दिवस त्यांनी असे पुन्हा पाहिले होते. विशाखाने सहज म्हणून त्यांच्या फोनमधली यादी चाळली. दोन हजार तेराचा एकही दिवस त्यात नव्हता.

चार वाजता ती एकटीच धक्क्यावर गेली. डिसेंबरचं पाणी भरलेलं, निळंशार आणि स्थिर होतं. काठाच्या करंजाच्या सावल्या पाण्यात पडल्या होत्या. तिने आधी नभस्मृती लावलं. काचेतलं पाणी एप्रिलइतकं खाली गेलं, ऊन तांबूस झालं, पलीकडच्या डोंगरावर दोन पांढरे ढग आले आणि तसेच थांबले. एखादं जुनं, सुखाचं चित्र बघावं तसं ते होतं. कालदर्पणनेही तेच दाखवलं, फक्त रंग जरा जास्त गुलाबी.

मग तिने मागोवा लावलं. पाच वाजेपर्यंत तिथेही तेच पाणी, तेच ढग. पाच वाजून अकरा मिनिटांनी वायव्येच्या खिंडीत काहीतरी तपकिरी उभं राहिलं. आधी ते डोंगराचंच एक टोक वाटलं. मग ते हललं. धुळीची ती भिंत आवाज न करता उतारावरून खाली आली, झाडं एकेक करून तिच्यासमोर वाकली, आणि पाण्याचा रंग पलीकडून अलीकडे असा काळा होत आला की कुणी त्याच्यावर चादर ओढत आणावी. काचेत लाटा उठल्या. काचेबाहेर पाणी तसंच निळं आणि स्थिर होतं. आठ मिनिटांत सगळं निवळलं, आणि काचेतल्या एप्रिलवर पुन्हा तांबूस ऊन पसरलं, जणू काही झालंच नव्हतं.

ती पायरीवर बसून राहिली, आणि तिला तो दिवस हळूहळू आठवायला लागला. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस होता. नववीची परीक्षा संपली होती. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून आण्णा तिला साताऱ्याला घेऊन गेले होते, आणि दुकानदाराने चष्मा तिच्या नाकावर ठेवला तेव्हा रस्त्यापलीकडच्या वडाला पानं फुटली होती. तोवर झाड म्हणजे तिच्यासाठी एक हिरवा ढग होता. आता एकेक पान वेगळं झालं. बसच्या खिडकीतून ती सगळ्या जगाकडे बघत आली. कावळ्याला डोळा असतो, डोंगराला कडा असते, दूरच्या बाईच्या लुगड्याला काठ असतो. घाटात बस थांबली, कारण रस्त्यावर एक शिरीष आडवा पडला होता. लोक फांद्या तोडत होते आणि ती खाली उतरून त्या झाडाची बारीक पानं बघत बसली होती. मातीसकट उपटून आलेलं ताजं झाड होतं. आण्णा तिच्यामागे उभे होते आणि काही बोलत नव्हते.

ती चष्म्याची आठवण तिने कितीदा मनात घोळवली असेल. पण चष्मा आला तो दिवस आणि होडी उलटली तो दिवस, हे तिने कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. साडेपाच वाजता आण्णा तिच्याबरोबर बसमध्ये होते. पेटी उघडायला वेधशाळेत कुणी नव्हतंच.

आणि मग दुसरी आठवण आली, जी तिने मुद्दाम बाजूला ठेवली होती. धोंडिनानांची मुलगी निलम तिच्या बाकावर बसायची. शाळा सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात निलम तिला म्हणाली होती की खरंच वारा आला होता गं. आणि विशाखा, नवा चष्मा घातलेली, म्हणाली होती, "आण्णांच्या वहीत नाहीये." निलमने त्यानंतर शाळा सोडली.

वेधशाळा बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. टेकडीवर पेटीचा सिमेंटचा चौथरा तेवढा उरला होता. तरी आण्णा रोज सकाळी साडेआठला तिथे जात. दुसऱ्या दिवशी विशाखा त्यांच्या मागोमाग गेली. खाली पाण्यावर धुकं पसरलं होतं आणि टेकडी त्यातून बेटासारखी वर आली होती.

"आण्णा, त्या दिवशी आपण साताऱ्याला होतो," ती म्हणाली.

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी चौथऱ्यावर हात ठेवला. मग सांगायला लागले, अगदी नोंद सांगावी तशा आवाजात. एप्रिलच्या संध्याकाळी काय वेगळं असणार, म्हणून निघण्याआधी दुपारीच त्यांनी साडेपाचची ओळ भरून ठेवली होती. आकडे वरच्या कचेरीला कळवायचं काम शिपायाला सांगितलं होतं, आणि त्याने पावणेसहाला फोन करून, वहीत होते तेच, कळवलेही. घाटात पडलेलं झाड पाहिलं तेव्हाच त्यांना कळलं की वहीत खोटं लिहिलं गेलं आहे. बसमधून उतरल्यावर होडीचं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मापकाचा आकडा कितीतरी पुढे गेलेला दिसला. तो त्यांनी चार दिवसांत वाटून टाकला.

"वही दुरुस्त करता आली असती."

"आली असती. रोज सकाळी आली असती. तुझ्या आईचं आजारपण होतं, नोकरी गेली असती, असं मी म्हणू शकतो. पण तेव्हा तेही मनात आलं नव्हतं. लाज वाटली, एवढंच. मग दिवस गेले तशी ती लाज मोठी होत गेली."

विशाखाला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघवेना. तिने निलमला काय उत्तर दिलं होतं ते सांगितलं. आतापर्यंत ताठ उभे असलेले आण्णा ते ऐकून चौथऱ्यावर बसले. आपलं खोटं आपल्या पोरीच्या तोंडून कुणाला तरी लागलं होतं, हे त्यांना सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. मग ते म्हणाले की तू ॲपचा लेख लिहिशील त्यात माझं नाव घालून सगळं लिही, मी अडवणार नाही.

"म्हणजे नानांनी ते मासिकात वाचायचं?" तिने विचारलं.

त्यावर ते उठून टेकडी उतरू लागले. विशाखाने घरी पोहोचताच नाझनीनबाईंना फोन करून सगळं सांगितलं आणि म्हणाली की या तुलनेचा निवाडा मी करू शकत नाही, माझ्याच घरची वही त्यात आहे. नाझनीनबाईंनी फारसं काही विचारलं नाही. पन्नास नव्या तारखा काढून दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घेईन, वेधशाळेच्या वह्यांवर विसंबायचं नाही, आणि ही परीक्षा का रद्द झाली तेही छापू, असं म्हणाल्या. विशाखा फोन ठेवून अंगणात आली तर आण्णा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. धोंडिनाना हल्ली कुठे असतात, एवढंच त्यांनी विचारलं.

नाना पलीकडच्या काठावर वाघळीला होते, निलमकडे. आता सूर्यावर चालणारी होडी तासातासाला तिकडे जाते. त्या घटनेनंतर आण्णा कधी पाण्यावर गेले नव्हते, तालुक्याला जायचं तरी चौदा कोसांचा वळसा घालत. त्या दिवशी ते होडीत चढले आणि मधल्या फळीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. होडीला आवाज नव्हता. दोन्ही बाजूंनी धुक्याच्या उरलेल्या पट्ट्या सरकत होत्या, आणि विशाखाला वाटलं की आपण पाण्यावरून नाही, कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत.

निलमने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. तिने दोघांना ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. नाना मागच्या पडवीत बांबूच्या पट्ट्या सोलत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वाळून गेलेले, पण हात अजून स्थिर होते.

"संकपाळसाहेब, या," ते म्हणाले.

आण्णा बसले नाहीत. टेकडीवर सांगितलं होतं तेच त्यांनी उभ्याने सांगितलं, काहीही न वगळता. भरून ठेवलेली ओळ, घाटातलं झाड, चार दिवसांत वाटलेला वारा. निलम दारात येऊन उभी राहिली होती. सगळं सांगून झालं तरी नाना पट्टी सोलतच होते. ती पूर्ण सोलून त्यांनी बाजूला ठेवली.

"म्हंजी वारा आला व्हता," ते म्हणाले.

"आला होता."

"केवढा?"

"ताशी साठ किलोमीटरच्या वर असणार," आण्णा म्हणाले.

नानांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "मला वाटाया लागलं व्हतं का न्हाईच आला. पयली दोन-चार वर्सं आठवायचा, अंगावर यायचा. मग सगळी म्हणत्यात न्हाई, कागद म्हणतुया न्हाई, तवा म्हटलं आसंल. आपुनच हात चुकविला आसंल, आन मनानं वारा रचला आसंल." त्यांनी आण्णांकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही माझा वारा नेला."

आण्णांनी मान खाली घातली. क्षमा मागायचे शब्द त्यांनी होडीत जुळवले होते, ते विशाखाने त्यांच्या ओठांवर पाहिले होते. ते त्यांना बोलता आले नाहीत.

निलम विशाखाकडे वळली. "मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो," विशाखा म्हणाली. "सांगितलं होतंस."

मग तिने भीत भीत नानांना विचारलं की तो वारा बघायचा आहे का. ॲप म्हणजे काय ते त्यांना समजावायला वेळ लागला, पण समजल्यावर ते लगेच उठले. चौघं पाण्याच्या कडेला गेली. विशाखाने फोन त्यांच्या हातात दिला आणि पाच वाजून आठ मिनिटं लावली. तीन मिनिटं काचेत नुसतं तांबूस ऊन होतं. नाना मात्र आधीच खिंडीकडे वळून उभे राहिले होते.

भिंत उतरली. नानांचा उजवा हात फोनसकट वर होता. डावा आपोआप मागे गेला आणि हवेत कशाला तरी घट्ट धरून राहिला. सुकाणू. तो हात हळूहळू वळत गेला, थरथरला, पुन्हा वळला. होडीचं नाक वाऱ्यात घालायला ते बघत होते, आणि काचेतला वारा आडवाच येत होता. विशाखाला त्या रिकाम्या हातात होडीचं सगळं वजन दिसलं. आठ मिनिटं तसं चाललं. पाणी निवळलं तेव्हा नानांनी हात सोडला.

"आसाच," ते म्हणाले. "हितूनच. काय करता आलं नसतं." आणि फोन परत देत, "ह्ये तिन्ही घरी दावायचं. साहेबांनी संगं यायचं."

आण्णांनी रात्रीची वाट न बघता, दिवस मावळायच्या आत, निलमच्या ओसरीवर बसून जबानी लिहून काढली. चार प्रती, चारही हाताने, एकही खाडाखोड नाही. एक तालुक्याच्या कचेरीसाठी, तीन त्या तीन घरांसाठी. निवृत्त झालेले असले तरी त्या दिवसाची सगळी चौकशी आता नव्याने होईल, कदाचित गुन्हाही नोंदवला जाईल, हे विशाखाने त्यांना सांगितलं. ते होय म्हणाले आणि पुढची ओळ लिहू लागले.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या घरी बुडालेल्या माणसाची मुलं होती. त्यांनी कागद वाचला, आण्णांना नाही नाही ते बोलली, आणि फोन न बघता दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी आता भाडेकरू राहत होते. घरचे लोक कधीच मुंबईला गेले होते. कागद त्यांच्या पत्त्यावर पाठवायचं ठरलं.

तिसरं घर कासरोलीतच, वरच्या आळीला. तिथे हौसाक्का राहत होत्या. त्यांचा प्रल्हाद बावीस वर्षांचा होता, नवरदेवाचा मित्र, आणि त्याला पोहता येत होतं. दुसऱ्या कुणाला तरी धरायला गेला आणि वर आला नाही. हौसाक्का आता नव्वदीला टेकल्या होत्या. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसल्या होत्या. विशाखा, निलम, नाना आणि आण्णा अंगणात जाऊन उभे राहिले. आण्णांनी इथेही सगळं सांगितलं.

हौसाक्कांनी नानांकडे पाहिलं, मग आण्णांकडे, मग विशाखाच्या हातातल्या फोनकडे. त्यात माणसं दिसतात का, असं त्यांनी विचारलं. विशाखा म्हणाली, नाही आजी, माणसं नाही दिसत. फक्त आभाळ.

"बघू," त्या म्हणाल्या.

विशाखाने त्यांच्या शेजारी टेकून फोन धरला. या घरावरून वारा धक्क्यानंतर मिनिटभराने गेला होता. आधी ऊन होतं, मग धूळ आली, अंगणातला आंबा काचेत वाकला, कैऱ्या असतील तर त्या सगळ्या त्या वेळी गळल्या असतील. हौसाक्का वाऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या वर, धुळीच्याही वर, जिथे अजून थोडं निळं उरलं होतं तिकडे बघत होत्या. वारा गेला. ते निळं परत पसरलं, मग सोनेरी झालं. विशाखा फोन काढून घ्यायला लागली तर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"म्हणजे ह्ये त्यानं बघितलं," त्या म्हणाल्या. "वरती तोंड केलं आसंल तर ह्येच."

विशाखाने फोन तसाच धरून ठेवला. हौसाक्का आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, ओट्यावर जरा सरकल्या, आणि मोकळी झालेली जागा हाताने झाडली.

"धोंडिबा, बस," त्या म्हणाल्या.

धोंडिनाना दोन पायऱ्या चढले आणि त्यांच्याशेजारी बसले. निलम त्यांच्या पायाशी बसली. हौसाक्कांनी आत कुणाला तरी हाक मारून पाणी आणायला सांगितलं, दोघांसाठी.

आण्णा अंगणात उभेच होते. त्यांना कुणी बस म्हणालं नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा धरलेली दिसत नव्हती. ऊन त्यांच्या उघड्या डोक्यावर पडलं होतं. विशाखा ओट्याच्या कडेवर बसली होती. तिला कुणी उठ म्हणालं नव्हतं. तिने फोन बंद केला, खाली उतरली आणि वडिलांच्या शेजारी जाऊन उन्हात उभी राहिली.